सुचत नाही यार...!

दरवर्षी नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. ‘वार्षिकांकासाठी विद्यार्थ्यांनी आपले साहित्य अमुक तारखेपर्यंत जमा करावे.’ मग आठवडाभर हॉस्टेलमध्ये जे बोलणं चालतं, तेही दरवर्षी सारखंच.

“तू देणार का काही?”

“छे यार, सुचतच नाही.”

“सुचतं गं, पण वेळ कुठाय? सबमिशन आलंय डोक्यावर.”

“वेळ काढीन एखादवेळेस, पण माझं मराठी म्हणजे... जाऊ दे.”

तारीख उलटून जाते. मराठी विभागाचे सर कॉरिडॉरमध्ये दिसेल त्याला अडवतात. शेवटी अंकात येतात त्याच पाच कविता : आई, मैत्री, पाऊस, पुन्हा आई, आणि ‘इंजिनिअरिंगचे दिवस’. (कवी मित्रांनो, रागावू नका. तुम्ही निदान दिल्या तरी!)

‘सुचत नाही’, ‘वेळ नाही’ आणि ‘मराठी येत नाही’ ही तिन्ही कारणं मला पाठ आहेत. त्यातलं तिसरं तर माझं हक्काचं. नर्सरी ते दहावी मी अकोल्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये काढली. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड. घरी मराठी, रिक्षात मराठी, आणि गेटच्या आत मात्र ‘मे आय गो टु द टॉयलेट’. त्यामुळे आजही मला ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९ यासाठी अर्धा सेकंद लागतो. तरी गेली दोन वर्षं मी मराठीत थोडंफार लिहिते आहे. ते कसं सुरू झालं, मध्ये कसं बंद पडलं आणि परत कसं चालू झालं, एवढंच सांगायचं आहे. ‘रोज पहाटे उठून दोन पानं लिहा’ छापाच्या टिप्स मीही भरपूर वाचल्यात. पहाटे उठणं हॉस्टेलमध्ये कुणाला जमलंय?

त्याऐवजी आपल्या बुलढाण्याच्याच एका बाईंची गोष्ट सांगते. ताराबाई शिंदे. नाव ऐकलंय? मीही सेकंड इयरपर्यंत ऐकलं नव्हतं. ग्रंथालयातल्या सरांनी एकदा ‘तू बुलढाण्यात शिकतेस आणि हे वाचलं नाहीस?’ असं म्हणून एक छोटंसं पुस्तक हातात ठेवलं. ‘स्त्री-पुरुष तुलना’. मला वाटलं एखादं समाजशास्त्राचं गाईड असेल. रात्री जेवण झाल्यावर उघडलं आणि झोपायला दीड वाजला.

ताराबाईंचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, आणि सत्यशोधक विचारांचे. इकडे तेव्हा मुलींची शाळाच नव्हती. म्हणून वडिलांनीच लेकीला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. चार भावांत ही एकटी मुलगी. लग्न लहानपणीच झालं, पण नवरा घरजावई होऊन आला, त्यामुळे माहेर सुटलं नाही. आता डोळ्यांसमोर आणा. १८८१ साल. वऱ्हाडातलं एक छोटं गाव. मराठ्यांच्या घरचा पडदा, बाहेर जाणं-येणं नाही. अशात सुरतेहून एक बातमी येते. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. बदनामीच्या भीतीने तिने पोटच्या अर्भकाला मारलं, म्हणून कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात शिक्षा बदलून काळ्या पाण्याची झाली. पण तेवढ्यात पेपरांना खाद्य मिळालं होतं. ‘पुणे वैभव’ हा सनातनी वळणाचा पेपर. त्यात त्या बाईच्या निमित्ताने सगळ्याच बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं गेलं.

ताराबाईंनी ते वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. ते उत्तर म्हणजे हे पुस्तक. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. बायकांवर जे जे आरोप होतात त्यातला एकेक त्या उचलतात आणि विचारतात, हे पुरुषात नाही का? बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला की बाईनेच का कोपऱ्यात बसायचं? पुराणातल्या मोठमोठ्या नावांनाही त्या सोडत नाहीत, शास्त्रं लिहिणाऱ्यांना सोडत नाहीत, त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांना सोडत नाहीत. सभेत बायकांच्या सुधारणेवर भाषण ठोकून घरी येऊन काहीच न करणाऱ्या सुधारकांनाही नाही. वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले. रूममेट म्हणाली, “काय वाचून रायली वं?” तिलाही एक पान वाचून दाखवलं, तर म्हणे, “हे तं आमच्या मावशीसारखं बोलते.”

बरोब्बर! हेच मला सांगायचं होतं.

पण आधी ते ‘सुचत नाही’चं बघू. ताराबाईंना कुणी विषय दिला नव्हता. त्यांच्यासमोर एक छापील मजकूर होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. आपण मात्र विषय घेऊन बसतो. ‘स्त्री शिक्षण : काळाची गरज’. ‘मोबाईल : शाप की वरदान’. तिसऱ्या ओळीला गाडी बंद! कारण समोर उलट बोलणारं कुणी नसतंच. स्त्री शिक्षण काळाची गरज नाही असं निदान तोंडावर तरी आता कोण म्हणतं? पण ‘मेकॅनिकलला मुली कशाला, वर्कशॉपमध्ये जॉब कोण करून देणार’, हे माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात एका काकांनी पंगतीत, जिलेबी वाढत असताना म्हटलं. त्यावर मी चार पानं लिहू शकते. (लिहिलीही. काकांना दाखवली नाहीत, आईची शपथ होती.)

त्यामुळे मी विषय शोधत नाही. मेसमध्ये पेपर येतो, एसटीत बाजूच्या सीटवर गप्पा असतात, कॉलेजात भाषणं असतात. कुठेही ‘असं कसं?’ वाटलं की ते वाक्य जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचं. शक्यतो जसंच्या तसं, खाली तारीख, आणि आपलं म्हणणं एका ओळीत. आठवड्याला अशी चार-पाच वाक्यं सहज जमतात. त्यातली बहुतेक दोन दिवसांत शिळी होतात. आठ दिवसांनी वाचूनसुद्धा जे टोचतं, त्यावर बसायचं. बस्स. दुसरी काही युक्ती नाही.

आणि राग आलाच पाहिजे असं काही नाही. नवल वाटलं तरी चालतं. आपल्या अंकात दर एक-दोन वर्षांनी लोणार सरोवरावर लेख असतोच. उल्का पडली, बेसाल्ट खडकातलं विवर, पाणी खारट आणि अल्कधर्मी. सगळं खरं, आणि सगळं इंटरनेटवरून उतरवलेलं. पण ग्रंथालयात एक जुना अंक चाळताना लोणारच्याच एका सीनियरचं दीड पान सापडलं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं की खारटपणा वाढल्यामुळे गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव वाढले होते. त्या सीनियरने सूक्ष्मजीव एका वाक्यात उरकले. बाकी लेख कशावर? तर लॉकडाऊनमध्ये बाहेरच्या जगातून सगळे फोन करून ‘कसं दिसतंय?’ विचारतात, आणि हे सरोवरापासून दहा मिनिटांवर राहूनही घरात बसलेले. मग हासुद्धा सगळ्यांसारखाच मोबाईलवर सरोवर बघतो. त्या मुलाचं नाव मला माहीत नाही, तोपर्यंत अंकाचं ते पान अर्धं फाटलं होतं. पण लोणारवरचा लेख म्हटला की मला तोच आठवतो.

आता ‘मराठी येत नाही’कडे येते. ताराबाईंनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितलंय की लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आपण घराच्या चौकटीत अडकलेली बाई, बुद्धी बेताची. म्हणजे एक्सक्यूज तेव्हाही होतेच. पण ते प्रस्तावनेत एकदा सांगून झालं, की पुढे त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. घरात भांडताना बाई जशी बोलेल तशी ती भाषा धावते. म्हणी येतात, टोमणे येतात, एकेक वाक्य चांगलं अर्धं पान चालतं. पुण्याच्या पंडितांसारखं लिहायला गेल्या असत्या तर ते पुस्तक पहिल्या पानावरच मेलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. तसं बघितलं तर शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिताच येत नव्हतं! शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली म्हणून राहिली. १९५१ च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन पुस्तक आलं. त्या गाण्यांत शाळेतलं मराठी कुठे आहे?

तर माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी माझा उपाय. पहिला खर्डा लिहायचाच नाही, बोलायचा. मी रात्री गच्चीवर जाते, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करते आणि आईला फोनवर सांगतेय असं समजून सगळं बडबडते. दुसऱ्या दिवशी ऐकून कागदावर उतरवते. मध्ये इंग्लिश शब्द आला तर येऊ द्यायचा. ‘आयरनी’ला मराठीत काय म्हणतात हे शोधायला मध्येच थांबलं की गेला अर्धा तास. खूण करून पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. माझ्या रूममेटचं सगळं शिक्षण चिखलीजवळच्या जिल्हा परिषद शाळेतलं, तिचं शुद्धलेखन आपल्या वर्गात एक नंबर. ती माझे वेलांटी-उकार बघते, मी तिचे इंग्लिश प्रेझेंटेशनचे स्लाईड. हिशोब चोख.

हल्ली तर मोबाईलला विषय सांगितला की दोन मिनिटांत पानभर निबंध तयार. व्याकरणात एक चूक नाही. तुम्ही म्हणाल, मग गच्चीवर जाऊन बडबडायची गरज काय? अहो, जीटी मारलेली शीट पण सुंदरच दिसते. व्हायवाला सर विचारतात ना, “ही लाईन डॉटेड का?” तेव्हा काय ते कळतं.

वेळेबद्दल फार लिहीत नाही, कारण तो खरंच कमी असतो. फक्त मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचं सांगते. आपल्याच जिल्ह्यातले, जन्म १९०९ चा. मेहकरला वकिली करायचे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, तिची रेकॉर्ड निघाली आणि ती महाराष्ट्रभर वाजली. माझ्या आजोबांना ती अजून तोंडपाठ आहे. आता दुसरा कुणी असता तर लगेच चार पुस्तकं काढून मोकळा झाला असता. ना. घं.चा पहिला संग्रह ‘शीळ’ आला १९५४ साली, म्हणजे वयाच्या ४५ व्या वर्षी. दुसरा ‘अभिसार’ १९६३ मध्ये. त्यानंतर ‘खूणगाठी’ थेट १९८५ मध्ये. मध्ये बावीस वर्षं! आणि त्याच ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. कोर्टाच्या तारखा आणि पक्षकार सांभाळणाऱ्या माणसाने लिहिणं असं आयुष्यभर जवळ ठेवलं. मेहकरातच राहिले, पुण्या-मुंबईला गेले नाहीत. आपण मात्र दोन महिने काही लिहिलं नाही की ‘माझं लिखाण सुटलं’ म्हणून गळा काढतो. पीएलमध्ये आणि परीक्षेत मी एक अक्षर लिहीत नाही आणि त्याचं वाईटही वाटून घेत नाही. फक्त सुट्टी पडायच्या आधी एखादं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडते. ‘आणि मग त्या काकांनी’, एवढंच. महिनाभराने वही उघडली की पुढचं लिहायला हात शिवशिवतो. कोऱ्या पानापासून सुरुवात करायची म्हटली तर मी परत मेसमध्ये गप्पा मारायला पळते.

इथवरचं सगळं सोपं होतं. सुचणं, भाषा, वेळ, यातून मार्ग निघतो. लिहिणं खरं बंद पडतं ते वेगळ्याच कारणाने.

ताराबाईंचं पुढे काय झालं? पुस्तकावर टीका झाली. बाईने लिहिलं आणि तेही असं लिहिलं, हे कुणाला रुचणार होतं? जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, लेकीसारखं आपलं म्हणून त्यांचा उल्लेख केला, आणि हे पुस्तक वाचण्याजोगं आहे असं आपल्या मंडळींना बजावलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना त्या ३२ वर्षांच्या होत्या. १९१० मध्ये त्या वारल्या. मधली २८ वर्षं त्यांच्या नावावर छापलेलं दुसरं काही नाही. आणि जे होतं तेही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की असं काही होतं म्हणून. १८८२ ते १९७५. ९३ वर्षं. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. आता परदेशातल्या विद्यापीठांतली पोरं ते अभ्यासाला वाचतात, आणि इथे बुलढाण्यात आपल्याला ग्रंथालयातल्या सरांनी हातात ठेवावं लागतं. असो.

ती २८ वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी मुलींच्या मेसबाहेरच्या भित्तिपत्रकावर मी एक पान लिहिलं होतं. मुद्दा साधा होता. कॉलेजचा रीडिंग हॉल रात्री दहापर्यंत उघडा. मुलींच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद. मग सात ते दहा तो हॉल कुणासाठी? मी कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या. फी दोघांची सारखी, पुस्तकं तीच, पेपर तोच, एवढंच मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर कागदावर बॉलपेनने शेरे. ‘आधी मार्क बघ.’ ‘घरी बसून अभ्यास होत नाही का ताई?’ ‘लीडर!’ आणि कुणीतरी लाल पेनने माझ्या शुद्धलेखनाच्या अकरा चुकांना गोल केलेले. खाली मोठ्या अक्षरात, ‘३/१०’.

खरं सांगू? बाकीच्या शेऱ्यांचं मला काही वाटलं नाही. ते लाल गोल मात्र लागले. कारण त्या माणसाने माझं पान शब्द न् शब्द वाचलं होतं, अगदी लक्षपूर्वक, आणि मी काय म्हणतेय ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पाच महिने मी काही लिहिलं नाही. तसं ठरवून वगैरे नाही. जर्नलच्या मागे वाक्यं लिहायची, आणि पान उलटायचं. रूममेटने दोनदा विचारलं, तिला सबमिशनचं कारण दिलं. सबमिशन कधी नसतं?

मग एक दिवस मेसच्या काकू. पोळ्या वाढता वाढता म्हणाल्या, “काऊन वं पोरी, तुह्यं ते लिहिणं बंद झालं काय?”

मी म्हटलं, “काकू, तुम्ही वाचलं होतं?”

“वाचलं म्हंजे! मोबाईलमंदी फोटू काढून नेला ना घरी. पोरीले दाखोला.”

काकूंची मुलगी त्यांच्या गावाहून एसटीने येऊन-जाऊन इथे बी.एस्सी. करते. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, काय म्हणाली? आवडलं का तिला?

“कायचं आवडलं! ते म्हणते, त्या ताईले सांग, तुह्यं गेट साताले बंद होते, माह्यं तं सहालेच होते. आमच्या गावची शेवटची गाडी सहाची हाय. प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून येते ते. दहापर्यंतच्या त्या हालाचं तिले काय करायचं?”

एवढं म्हणून काकू पुढच्या टेबलावर गेल्या. त्यांच्या हातातल्या पोळ्या थंड होत होत्या.

मी ताटावर बसूनच राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या म्हणण्याला उत्तर दिलं होतं. स्तुती नव्हती ती, उलट खोडूनच काढलं होतं. आणि त्या मुलीचा मुद्दा बिनतोड होता. माझ्या सात वाजताच्या गेटच्या बाहेर आणखी एक गेट होतं, आणि ते एसटी स्टँडवर होतं. त्या रात्री मी गच्चीवर गेले.

नंतरच्या शनिवारी मी तिच्यासोबत त्या सहाच्या गाडीने गेले, रविवारी सकाळी परत आले. गाडीत कॉलेजच्या सतरा मुली होत्या, मी मोजल्या. कुणाचं शेवटचं प्रॅक्टिकल बुडतं, कुणाचा कॉम्प्युटरचा क्लास, एकीने तर या गाडीपायी एनसीसी सोडलेली. एवढं सगळं कानांवर पडल्यावर ‘सुचत नाही’ म्हणायला तोंड कुठे उरतं! ‘सहाची गाडी’ नावाने मी ते लिहिलं. भित्तिपत्रकावर लावायच्या आधी रूममेटकडून उकार-वेलांट्या तपासून घेतल्या, आणि पहिली प्रत काकूंच्या मुलीला दिली. तिने त्यात तीन ठिकाणी खुणा केल्या. दोन ठिकाणी ‘असं नाही म्हणत आम्ही’, आणि एका ठिकाणी ‘हे कुणाला सांगू नको’. तिन्ही मी मान्य केल्या.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. काहीही लिहिलं की आधी एका माणसाला द्यायचं, पण असा माणूस ज्याचा त्या गोष्टीशी संबंध आहे. ‘छान आहे’ म्हणणारी मैत्रीण या कामाला उपयोगाची नाही. आणि लाल पेनवाला तर नाहीच. त्याचं काम शेवटी असतं, पण आपण नेमकं त्यालाच आधी घाबरतो. ताराबाईंना पुण्यात फुले होते, आणि फुल्यांसारखा वाचक मिळणं म्हणजे काही कमी नव्हे. पण इथे गावात, रोजच्या जाण्या-येण्यात, ‘बाई, पुढचं कधी?’ असं विचारणारं कुणी होतं का? पुस्तक मिटलं की माझं डोकं दरवेळी तिथेच येऊन थांबतं.

म्हणून लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त मला न लिहिणाऱ्यांना सांगायचंय. हॉस्टेलमध्ये शेकड्याने माणसं आहेत, स्टाफ धरला तर आणखी. अंक हातात आला की आपण सगळे काय करतो? आधी आपला फोटो, मग ग्रुप फोटोत कोण कुठे, मग टॉपर्सची यादी. त्यानंतर अंक गादीखाली. यावेळी एकच करा. एखादा लेख वाचा, आणि ज्याने लिहिलाय त्याला कॅन्टीनमध्ये गाठून त्यातलं एक वाक्य बोलून दाखवा. पटलं नाही तर तसं म्हणा. भांडा हवं तर! ‘मस्त लिहिलंस’ नको, त्याने काही होत नाही. आणि सर लोकहो, तुम्हीसुद्धा. तुम्ही व्हायवाला इतके प्रश्न विचारता, एखादा लेखावरही विचारा की.

भित्तिपत्रकाचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. प्रत्येक पानाशेजारी आम्ही एक कोरा कागद लावतो आणि सुतळीने एक पेन बांधून ठेवतो. अट एकच, शेरा लिहायचा तर खाली नाव आणि रूम नंबर टाकायचा. पहिल्या महिन्यात चार शेरे आले, दुसऱ्यात अकरा. फर्स्ट इयरच्या एका मुलीने बाथरूममधल्या गरम पाण्याच्या रांगेवर लिहिलं होतं, तिला तर पानभर उत्तर आलं, तेही रेक्टर मॅडमच्या सहीने. मुलगी दोन दिवस जमिनीवर नव्हती. आता ती मॅडमच्या उत्तराला उत्तर लिहिते आहे.

पेन आत्तापर्यंत तीनदा चोरीला गेलं. सुतळी मात्र जागेवर आहे.